वांगेसरांची सही

अकरा जून १९९०, सोमवार, संध्याकाळचे पाच. रक्कम पंचवीस रुपये, चित्रकलेच्या वर्गाची पहिल्या महिन्याची फी. हजर : बैसाणे सर, माझी मुलगी सुनीता, मी, आणि स्टुलावर ठेवलेले एक भरिताचे वांगे.

वांगे हजेरीत धरले, कारण सरांनीच ते धरले होते. आम्ही दारातून आत गेलो तेव्हा ते त्या हिरव्या-पांढऱ्या लांबोड्या वांग्याचे देठ खिडकीकडे असावे की भिंतीकडे, याचा विचार करत उभे होते. मी पैसे पुढे केले, तर म्हणाले, "थांबा भाऊ, याला आधी नीट बसू द्या."

मी जळगावात एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहीत असे. सुनीता त्या वर्षी सहावीत गेली होती. तिच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक शाळा सुटल्यावर तिथेच, चित्रकलेच्या खोलीत, वर्ग घेतात असे कळल्यावरून मी तिला नेले. मला स्वतःला चित्रातले काही कळत नव्हते. एलिमेंटरीची परीक्षा दिलेली बरी असते असे मिलमध्ये कोणी तरी म्हणाले होते, तेवढेच.

सरांनी सुनीताला कागद दिला. "काढ. तुला जे येतं ते."

तिने पाच मिनिटांत काढले. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट आपल्याकडे येणारी नदी, काठाला झोपडी, झोपडीवर वाकलेले नारळाचे झाड. आकाशात पक्षी, हिशेब तपासताना आम्ही बरोबरची खूण करतो तसे.

सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

"हे कुठलं गं?"

"सीनरी आहे सर."

"ते कळलं. कुठली?"

सुनीता माझ्याकडे बघू लागली. सर एरवी शुद्ध मराठी बोलत, पण आतून काही हलले की शिंदखेड्याकडची अहिराणी बाहेर येई. "तुन्ही गल्लीमा नारयनं झाड शे का?"

आमच्या घरची बोली वेगळी, पण आपल्या गल्लीत नारळाचे झाड आहे का, एवढे तिला कळले. "नाही सर."

"मग हे कोणी पाहिलं?"

"सगळे असंच काढतात."

"हां," सर म्हणाले. "काढतात सगळे. पाहिलं कोणीच नाही." त्यांनी तिचा कागद उलटा करून पाठची कोरी बाजू वर केली आणि बोटाने वांग्याकडे दाखवले. "हे शे आपलं. आधी देख, मंग काढ."

मी पुन्हा पैसे पुढे केले. ते त्यांनी न मोजता खिशात घातले. खिशात पेन्सिलीची टरफले होती. नोटांना ती चिकटलेली मी पाहिली आणि मला ते बरे वाटले नाही.

एकनाथ बैसाणे बुटके, सावळे, किंचित पोट सुटलेले गृहस्थ होते. चित्रकाराचे असते म्हणतात तसे काही त्यांच्यात नव्हते. केस बारीक कापलेले, डोळ्यांना चष्मा, शर्ट खोचलेला, पायात टायरच्या चपला. वेगळे होते ते एवढेच की कुठलीही वस्तू हातात आली की ते ती थोडी लांब धरून एक डोळा मिटत. चहाचा कप असो, बसचे तिकीट असो. एकदा मी त्यांना माझ्या आईच्या तेराव्याची पत्रिका दिली, तीही त्यांनी लांब धरली. मग एकदम ओशाळून जवळ घेतली आणि वाचली.

नवीन आलेल्या मुलाला महिनाभर फक्त वांगे. हा त्यांचा नियम; पुढे इतर वस्तू आल्या तरी वांगे सुटत नसे. दर सोमवारी बाजारातून नवे वांगे यायचे आणि शनिवारपर्यंत तेच स्टुलावर राहायचे. सोमवारी ते तुकतुकीत असे, बुधवारी त्याची चकाकी जाई, शुक्रवारी देठाजवळ सुरकुत्या पडत. मुले कंटाळून म्हणत, "सर, कालचंच आहे." सर म्हणत, "कालचं कुठं आहे? काल ते तरुण होतं. आज त्याचा गुडघा दुखतोय, बघ." मुले हसत, आणि हसता हसता सुरकुती शोधत. शाळेत सगळे त्यांना वांगेसर म्हणत. त्यांनाही ते माहीत होते. फळ्यावर कोणी वांग्याला चष्मा घातलेले चित्र काढून ठेवले, तर ते बघून म्हणाले, "चष्मा बरोबर आहे. वांगं मात्र बघून काढलेलं नाही."

दुसरा नियम खोडरबराचा. वर्गात शिरताना प्रत्येकाने आपले रबर दाराजवळच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचे, जाताना घ्यायचे. चुकलेली रेघ पुसायची नाही. तिच्या शेजारी दुसरी मारायची. "चुकलेली राहू दे. ती नसली तर बरोबर कुठली ते कसं कळणार?" मुलांचे कागद त्यामुळे काळे होत. पालक नाराज होत. माझी बायको म्हणाली, "पंचवीस रुपये देऊन पोरगी वांग्याला केस काढून आणते."

तिसरा नियम सहीचा. चित्र झाले की खाली कोपऱ्यात नाव आणि तारीख. पण वस्तू बघून काढली असेल तरच. "सही म्हणजे साक्ष आहे. हे मी पाहिलं, असं तुम्ही लिहून देताय. खोटी साक्ष द्यायची नाही." सुनीताच्या त्या पहिल्या सीनरीवर त्यांनी तिला सही करू दिली नव्हती.

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. त्यांच्या वस्तीतल्या विहारात भिंतीवर बुद्धाचे मोठे चित्र आहे, ते त्यांनी काढलेले. मी पाहायला गेलो तेव्हा कोपऱ्यात सही शोधली. नव्हती.

"सर, नाव नाही घातलं?"

"मी कुठं पाहिलंय त्यांना?" सर म्हणाले. "डोळे तेवढे पाहिलेले आहेत. आमच्या शेजारी एक म्हातारा दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या डोळे अर्धे मिटायचा. डोळ्यांची सही करता आली असती. पण नुसत्या डोळ्यांची कशी करणार?"

सुनीताला सोडायला आणि आणायला मीच जात असे. दोन खेपा करण्यापेक्षा तिथेच बसून राहणे सोयीचे होते. आठवड्याभरात सरांनी माझ्याही हातात कागद दिला. "बसलाच आहात तर काढा भाऊ. तुम्ही नुसते बसलात की वांग्याला संकोच होतो."

मी काढले. हिशेबनिसाला जमेल तसे काढले. पट्टीने वांग्याची लांबी घेतली, सात इंच, कागदावर सात इंच मांडली, मधली रुंदी घेतली, ती मांडली, आणि टोके जोडली. सरांनी मागून पाहिले.

"चौधरीभाऊ, टोटल लागली का?"

"लागली."

"मग वांगं कुठं गेलं?"

मुले खो खो हसली. सुनीताही हसली. मी तीन वर्षे तिथे बसलो आणि वांगे मला शेवटपर्यंत आले नाही. पण सरांनी मला वगळले नाही. कधी कधी म्हणत, "भाऊंची रेघ प्रामाणिक आहे. दिसत काही नाही तिला, पण खोटं बोलत नाही."

त्यांच्या वर्गातली जी गोष्ट मी लोकांना अनेकदा सांगितली ती पहिल्या हिवाळ्यातली. शाळेचे शिपाई दगडूनाना. भरिताचा हंगाम होता. एका गुरुवारी दुपारी नानांनी स्टुलावरचे वांगे घरी नेले, भाजून खाल्ले, आणि संध्याकाळपर्यंत दुसरे आणून ठेवले. आकार तसाच, रंग तसाच. मी नेहमीप्रमाणे माप घेतले, ते जवळपास जुळले. वर्गात चौदा मुले होती. तेरा जणांनी आदल्या दिवशीचे चित्र पुढे चालू केले. सुनीता मात्र पेन्सिल खाली ठेवून बसली.

"का गं?"

"सर, हे ते नाहीये."

"कशावरून?"

"त्याचं देठ भिंतीकडं वळलेलं होतं. आणि खाली एक डाग होता, शाईसारखा. हे दुसरं कोणीतरी बसलंय."

सरांनी वांगे उचलून लांब धरले. मग दारात उभ्या असलेल्या दगडूनानांकडे बघितले. नाना म्हणाले, "सर, सुकी जात होतं वं बिचारं. म्हनलं, तेचं सोनं करू."

आम्हाला वाटले सर चिडतील. ते खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. वळले तेव्हा डोळे पुसत होते. "बठ्ठा देखतंस," ते म्हणाले, "पन दिसस कोनले? एकीले दिसनं. मन्हं काम झायं." सगळे बघतात, पण दिसते कोणाला? एकीला दिसले, माझे काम झाले. नानांना त्यांनी चहाला पैसे दिले. त्या दिवसापासून ते दर महिन्याला एकदा आपणच वांगे गुपचूप बदलू लागले, आणि कोण ओळखते ते बघत बसत.

त्यांच्या घरी मी दोनचारदा गेलो. त्यांच्या पत्नी, वहिनी, मोकळ्या बोलायच्या. "चौधरीभाऊ, तुमच्या घरी वांगं बाजारातून थेट चुलीवर जातं ना? आमच्या घरी आधी शाळा शिकून येतं. शनिवारी येतं तेव्हा त्याचं चामडं झालेलं असतं. मग मी भाजायचं. आणि हे जेवताना विचारणार, 'याच्या डाव्या कुशीवर चांगला उजेड पडत होता, नाही का?'"

सर खाली बघून जेवत राहायचे.

आता परीक्षेचे सांगितले पाहिजे, कारण सगळे त्यावरच येऊन थांबले.

एलिमेंटरीला जे विषय असतात त्यात एक स्मरणचित्र. भाजीबाजार, पाणवठा, बसस्टँड असा विषय देतात आणि मुलाने पाहिलेले आठवून काढायचे असते. सरांचा हा सगळ्यात आवडता विषय. आठवडे बाजाराच्या दिवशी ते मुलांना घेऊन जात, पण कागद-पेन्सिल न्यायची नाही. "आज हात खिशात. फक्त डोळे बाहेर." बाजारात तासभर फिरायचे आणि सोमवारी काढायचे. योगेश नावाचा एक ठेंगणा मुलगा होता. त्याने बाजार काढला त्यात एकही तोंड नव्हते. नुसते पाय, धोतरांचे सोगे, लुगड्यांचे काठ, टोपल्यांचे बूड आणि टोपल्यांमधून वाट काढणारे एक कुत्रे. सर तो कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले आणि सगळ्यांना दाखवत सुटले. "त्याच्या उंचीवरून बाजार असाच दिसतो हो! आपण कधी पाहिला असता?"

योगेशने परीक्षेतही तसाच बाजार काढला. तो नापास झाला. त्या तुकडीतून अकरा मुले बसली होती. सात सी श्रेणीत आली, चार नापास. गावात दुसराही एक क्लास होता. तिथे मुलांना तीन चित्रे देत. एक बाजाराचे, एक पाणवठ्याचे, एक बसस्टँडचे. पाच माणसे कुठे उभी करायची, झाड कुठे, सावली कुठे, सगळे ठरलेले. मुले ती पाढ्यांसारखी पाठ करत. तपासणाऱ्यांना ती सवयीची होती. तिथली मुले ए श्रेणीत येत. म्हणजे स्मरणचित्र हे पाहिलेल्याचे स्मरण नव्हते, पाठ केलेल्याचे होते. आणि हे सगळ्यांना माहीत होते, सरांना सोडून. खरे तर त्यांनाही माहीत होते.

१९९२ च्या जूनमध्ये संस्थेच्या सेक्रेटरींनी सरांना बोलावले. आठवीतल्या मुलांचे पालक म्हणून आम्ही दोघेतिघे तिथे होतो. सेक्रेटरी वाईट मनुष्य नव्हते. त्यांना शाळेत कॉम्प्युटर आणायचे होते आणि खोली नव्हती.

"सर, तुमची खोली मोठी आहे. त्या खोलीत काय असतं? एक स्टूल आणि एक वांगं."

"मुलं असतात," सर म्हणाले.

"असतात. पण रिझल्ट? मी खोली लगेच घेत नाही. यंदा निदान पाच ए आणा. खोली तुमची. मी लिहून देतो."

सरांनी होकार दिला, की नुसती मान हलवली, ते मला नक्की सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर ते जिन्यात थांबले. "भाऊ, खोलीला उत्तरेची खिडकी आहे," ते म्हणाले. "दिवसभर उजेड हलत नाही. सगळ्या शाळेत तशी दुसरी नाही. ती गेली तर वांगं कुठं ठेवायचं?"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वर्गात गेलो तर स्टूल कोपऱ्यात सरकवलेले होते. फळ्यावर तीन चित्रे टाचणीने लावली होती. बाजार, पाणवठा, बसस्टँड. सरांनीच काढलेली, सुबक, स्वच्छ. पाच पाच माणसे, सगळी समोरून दिसणारी. कोपऱ्यात सही नव्हती.

सर बिस्किटाचा डबा घेऊन रांगेतून फिरले आणि प्रत्येकाच्या बाकावर एकेक रबर ठेवले. कोणाचे कोणते ते पाहिले नाही. "स्वच्छ काढायचं," ते म्हणाले. "डाग ठेवायचा नाही. प्रत्येक चित्र दहा वेळा."

मुले खूश झाली. इतके दिवस त्यांना हेच हवे होते. सुनीताने बसस्टँडकडे बराच वेळ बघितले. मग हात वर केला.

"सर, हे कुठलं गाव आहे?"

"परीक्षेचं," सर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मलाही कागद दिला, पण मी काढले नाही. मुले गेल्यावर ते स्टूल परत मधे आणून त्यावर स्वतःच बसले. "एक वर्ष, भाऊ. एकच वर्ष. खोली राहिली तर पुढच्या जूनला परत वांगं मांडू. पोरांचे डोळे काय कुठं जातात?"

मला वाटले त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून आहे. एका वर्षाचे नुकसान सोसायचे आणि पुढची सगळी वर्षे राखायची. मी तसे म्हटलेही. त्यांनी माझा हात धरला, जणू मी काही मोठे बोललो होतो.

ते वर्ष वर्ग शांत चालला. पूर्वी तिथे भांडणे होत. सावली इकडून आहे, नाही तिकडून आहे. तू माझ्या जागेवर येऊन बघ. आता तसे काही नव्हते. रबराचा आवाज तेवढा येई. दाराजवळच्या डब्यात दगडूनाना खडू ठेवू लागले.

परीक्षेत बसस्टँडच आले. सुनीता बाहेर आली ती हसत. "पप्पा, डोळे मिटून काढलं." सर फाटकाजवळ उभे होते. त्यांनी ते ऐकले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या मुलांकडे वळले.

पाच मागितले होते, नऊ आले. नऊ जणांना ए. सुनीता त्यात होती. शाळेत सत्कार ठेवला. पाहुणे, हार, फोटो. सेक्रेटरींनी सरांना स्वतः शाल घातली आणि भाषणात सांगून टाकले की जूनपासून चित्रकलेच्या खोलीत कॉम्प्युटर बसणार.

सर शाल खांद्यावर तशीच ठेवून त्यांच्याकडे गेले. मी शेजारीच होतो.

"साहेब, तुम्ही पाच म्हणाला होता. नऊ आणले."

"आणले ना! म्हणून तर," सेक्रेटरी म्हणाले. ते खरोखर आनंदात होते. "मी मुलांना विचारलं, सर, तुम्ही यंदा कसं शिकवलं. तीन चित्रं पाठ करून घेतली, म्हणाली. उत्तम केलंत. पण मग पाठांतराला खोली कशाला लागते? व्हरांड्यात बसवा. पाढे आपण व्हरांड्यातच म्हणायचो की नाही?"

सरांनी खांद्यावरची शाल काढून तिची घडी घातली. नापास मुले घेऊन गेले असते तर खोली गेली असती, ए घेऊन गेले म्हणूनही गेली. फरक एवढाच की पहिल्या वाटेने गेले असते, तर पुढच्या जूनला व्हरांड्यात का होईना, वांगे मांडायला ते मोकळे असते.

हे म्हणतो, कारण त्यांनी व्हरांड्यात मांडून पाहिले. मी तो आठवडा पाहिला आहे. जून १९९३. नवीन मुले होती, त्यांचे पालक उभे होते. सरांनी वांगे ठेवले आणि म्हणाले, "हे बघा." एका बाईंनी विचारले, "सर, ते तीन चित्रांचं कधी सुरू करणार? आमच्या भाच्याला ए मिळाला तसं." वारा सुटला होता. कागद उडत होते. उजेड एकदा इकडून, एकदा तिकडून. चौथ्या दिवशी वांगे स्टुलावरून घरंगळले आणि खालच्या पायरीवर पडून फुटले. सर ते उचलायला वाकले नाहीत. पुढच्या सोमवारी फळ्यावर बाजार, पाणवठा, बसस्टँड लागले होते, आणि मग ते कधी उतरले नाहीत.

शाळेने त्यांना दुसरीही कामे दिली. बाकांवर नंबर घालणे, पाण्याच्या टाकीवर "पाणी वाया घालवू नका", जिन्यात "येथे थुंकू नये". अक्षर त्यांचे सुंदर होते. एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी भाकरीबरोबर भरीत वाढले. चव उत्तम होती. मी तसे म्हटले.

"असणारच," वहिनी म्हणाल्या. "आता वांगं आल्या आल्या भाजते. चार दिवस कोणाची वाट बघायची नसते."

सर हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि सरळ तोंडाला लावला. लांब धरला नाही. माझ्या ते लक्षात आले, कारण तोपर्यंत मी एवढे तरी बघायला शिकलो होतो.

सुनीताने पुढे कॉमर्स घेतले. ती कॉलेजात असताना मी एकदा गंमत म्हणून बाजारातून भरिताचे वांगे आणले, स्टुलावर मांडले आणि तिच्यापुढे कागद ठेवला. तिने झरझर काढले. गोल, गुळगुळीत, डाव्या बाजूला पांढरी चकाकी सोडलेली. छान होते. मी स्टुलावरच्या वांग्याकडे बघितले, त्याला एका बाजूने किडीचे भोक होते. तिने ते काढले नव्हते.

"भोक राहिलं बेटा."

तिने वांग्याकडे बघितले. "अरे हो," म्हणाली. "दिसलंच नाही."

सर १९९७ मध्ये निवृत्त झाले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या कॉलनीने बालवाडीची भिंत रंगवायला काढली. मी कॉलनीच्या कमिटीचा खजिनदार होतो. पेंटर शोधत असताना कोणी तरी सरांचे नाव सुचवले आणि अध्यक्ष त्यांना घेऊन आले. सर आता वाळले होते. टायरच्या चपला त्याच. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि डबे खाली ठेवले.

"काय काढायचं?" त्यांनी अध्यक्षांना विचारले. मला नाही.

"लहान मुलांचं आहे सर. मस्त सीनरी काढून द्या. डोंगर, सूर्य, नदी. नारळाचं झाड पाहिजे बरं का, पोरांना आवडतं."

"बरं," सर म्हणाले.

मी ओट्यावर बसून होतो. त्या भिंतीसमोर मोकळे मैदान आहे, त्यापलीकडे केळीच्या बागा, आणि त्या दिवसांत हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, लांबलचक, कुठेही त्रिकोण नसलेली. सरांची तिच्याकडे पाठ होती. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. दोन त्रिकोण, मधे सूर्य, नदी, झोपडी. हात कुठे अडला नाही, रेघ कुठे चुकली नाही. जी चुकली असेल ती ओल्या फडक्याने लगेच पुसली. दुपारपर्यंत भिंत होत आली.

सुनीता कॉलेजातून येत होती. ती सायकल धरून थांबली. सर झावळ्या रंगवत होते.

"सर?" ती म्हणाली. "नारळ?"

सरांनी वळून तिला ओळखले. ब्रश हातात तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिले ते बऱ्याच वर्षांनी असे, एक डोळा किंचित मिटून. मग दोन्ही उघडले.

"पाठ शे, बेटा," ते म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

सुनीता सायकल ढकलत घरी गेली.

संध्याकाळी अध्यक्ष आले. खूश झाले. "सर, कोपऱ्यात तुमचं नाव टाका ना. लोकांना कळू दे कोणी काढलं."

"राहू द्या," सर म्हणाले. ते डब्यांची झाकणे बसवत होते. अध्यक्षांना वाटले, विनय आहे. त्यांनी आणखी आग्रह केला. सर माझ्याकडे बघत म्हणाले, "चौधरीभाऊंना विचारा. मला नाही घालता येणार."

मी व्हाउचर काढले.

सात फूट उंच, दहा फूट लांब, सत्तर चौरस फूट, दर चार रुपये. दोनशे ऐंशी रुपये, रोख, एकनाथ बैसाणे यांना दिले. त्यांनी नोटा खिशात घातल्या. खिशात या वेळी टरफले नव्हती. सही त्यांनी केली ती व्हाउचरवर. भिंतीवर नाही.